विन्सर मॅके : गर्टीला चालवणारा चित्रकार

पालकहो, मूल वहीभर चित्रं काढतं म्हणून ओरडता ना? अमेरिकेतल्या विन्सर मॅकेला घरच्यांनी व्यापाराच्या कॉलेजात घातलं. हा मात्र तास बुडवून डेट्रॉइटला लोकांची चित्रं काढायचा! पुढे वर्तमानपत्राचा चित्रकार झाला. १९१४ साली त्याने ‘गर्टी द डायनासोर’ केला. तेव्हा प्रत्येक हालचालीचं वेगळं चित्र लागे. मागचे डोंगरसुद्धा दर कागदावर पुन्हा काढायचे, तेही हजारो वेळा! मॅके स्टेजवरून हुकूम सोडायचा, पडद्यावरची गर्टी पाय उचलायची. मालक हर्स्ट यांना हे पसंत नव्हतं. त्यांनी त्याला अग्रलेखाच्या व्यंगचित्रांना जुंपलं. तरी नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून त्याने बुडालेल्या ‘लुसिटानिया’ जहाजाचा चित्रपट १९१८ मध्ये पूर्ण केलाच. चित्रं किती? सुमारे २५,०००!