सूर्याचे अभ्यासक : सर नॉर्मन लॉकियर

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. येथील धानाचे पीक पावसाच्या भरवशावर उभे राहते. पाऊस लांबला की रोवणी लांबते. तो फिरकलाच नाही तर बांध्यांना भेगा पडतात. एकोणिसाव्या शतकात तर पाऊस हुकला म्हणजे दुष्काळ ठरलेला असे. त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. इ. स. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी या प्रांतातील असंख्य माणसे अन्नान्न करीत मेली. असे संकट आधी ओळखता आले, तर धान्य साठवून किती जीव वाचतील! या संकटाची पूर्वसूचना एका इंग्रज शास्त्रज्ञाने थेट सूर्यबिंबावर शोधली. ते शास्त्रज्ञ म्हणजे सर नॉर्मन लॉकियर.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. तरुणपणी त्यांनी युद्धखात्यात कारकुनी पत्करली. दिवसा कागद लिहावेत आणि फावल्या वेळी दुर्बिणीतून आकाश न्याहाळावे, असा त्यांचा क्रम असे. प्रकाशातील रंग वेगळे करून दाखविणारे यंत्र त्यांनी दुर्बिणीस जोडले. त्याच्या साहाय्याने १८६८ साली, ग्रहण नसतानाही, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचे निरीक्षण त्यांनी इंग्लंडमधूनच केले. त्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनीही भारतात गुंटूर येथे ही युक्ती शोधून काढली होती. या ज्वाळांच्या प्रकाशातील एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती नव्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकियर यांनी ठरविले. ग्रीक भाषेत सूर्यास हेलिओस म्हणतात. त्यावरून त्या द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. अनेकांनी शंका घेतली. परंतु १८९५ साली रॅम्से यांना हेलियम पृथ्वीवरही सापडला आणि लॉकियर यांचे म्हणणे खरे ठरले.

सूर्यावर काळे डाग दिसतात. त्यांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण व पश्चिम भारतात भीषण दुष्काळ पडून लाखो लोक दगावले. तेव्हा १८७७ साली लॉकियर आणि हंटर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे या चक्राशी ताडून पाहिले. डाग कमी होतात तेव्हा पाऊसही कमी होतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. दुष्काळाचे वेळापत्रकच हाती लागणार, अशी आशा अनेकांना वाटू लागली.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. त्यासाठी लॉकियर कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावर आले. आरमारी जहाजावरील खलाशांना त्यांनी वेध घेण्यास शिकविले. खग्रास स्थिती टिकली जेमतेम दोन मिनिटे. पण तेवढ्यासाठी कित्येक दिवसांची तयारी होती. दुर्बिणी ठेवण्यासाठी बांधलेले चौथरे आजही साहेबाचे ओटे म्हणून दाखविले जातात. त्याच दिवशी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला यांनी जेऊर येथून ग्रहणाचे वेध घेतले.

१८९९ साली कोडाईकनाल येथे सौर वेधशाळा उभी राहिली. पावसाचे कोडे उलगडण्याची इच्छा हे तिच्या स्थापनेमागील एक कारण होते. पुढे, १९०४ साली, भारतीय वेधशाळांचे प्रमुखपद गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आले. त्यांनी अनेक वर्षांचे आकडे काटेकोरपणे तपासले. सूर्यावरील डाग आणि भारतातील पाऊस यांचा संबंध त्यांना फारच क्षीण दिसला. मात्र या शोधात दुसरेच काही हाती आले : दूरच्या प्रशांत महासागरावरील हवेचा दाब बदलला की आपल्या पावसावर त्याचा परिणाम होतो.

१९७८ पासून उपग्रह सूर्याची उष्णता मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारणपणे हजारात एका भागाएवढीच कमीजास्त होते. इ. स. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत डाग क्वचितच दिसले. त्या काळात युरोपात कडक थंडी पडली. परंतु त्या थंडीला ज्वालामुखींसारखी इतरही कारणे होती. अलीकडे पृथ्वी तापत आहे, त्याचा दोष तर सूर्याकडे मुळीच जात नाही. कारण गेल्या काही दशकांत सूर्याची उष्णता वाढलेली नाही. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठणारा वायू हे त्याचे मुख्य कारण आहे.

१६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर यांचे निधन झाले. १८६९ साली त्यांनी सुरू केलेले 'नेचर' हे साप्ताहिक आजही जगभर वाचले जाते. हेलियमविषयीचा त्यांचा तर्क खरा ठरला, दुष्काळाविषयीचा टिकला नाही. दोन्हींचा निवाडा निरीक्षणानेच केला. उपाशी माणसांच्या दुःखाचे कारण शोधावे, ही त्यांची तळमळ मात्र वाया गेली नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाच्या मागे लागूनच पुढच्या शास्त्रज्ञांना पावसाकडे नेणारी दुसरी वाट दिसली.