युद्धाला नकार देणारा देवराष्ट्र्याचा तरुण

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात सागरेश्वराच्या डोंगरकुशीत देवराष्ट्रे हे गाव वसलेले आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. या गावी आजोळच्या साध्या घरात १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि चीनच्या आक्रमणानंतरचे संरक्षणमंत्री म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र देशाच्या सैन्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या या नेत्याने तरुणपणी एका महायुद्धाला विरोध केला होता आणि त्या विरोधाची किंमत घरादारासह मोजली होती, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

चव्हाण घराणे मूळचे विट्याचे. वडील बळवंतराव कऱ्हाडच्या न्यायालयात बेलिफ होते. यशवंत अगदी लहान असतानाच प्लेगने वडिलांचा बळी घेतला आणि आई विठाबाईंवर चार मुलांचा भार पडला. त्या निरक्षर होत्या. पण मुलांनी शिकावे, हा त्यांचा निश्चय होता. थोरले बंधू ज्ञानोबा लहान वयातच नोकरीला लागले आणि घराची चूल पेटती राहिली. सुटी लागली की यशवंत देवराष्ट्र्याला येई. डोंगर, देवळे आणि शेतशिवार यांच्या संगतीत त्याचे दिवस जात. शाळेचे दिवस कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडात गेले. टिळक हायस्कूलमधील या विद्यार्थ्याला वाचनाचे आणि भाषणांचे वेड होते. पुढे कोण होणार, असे शिक्षकांनी विचारले तेव्हा इतर मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली आणि याने स्वतःचेच नाव लिहिले, ही आठवण महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे.

सप्टेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडला. वृत्तपत्रांतून रोज त्या बातम्या वाचणारा सोळा वर्षांचा यशवंत घरचे माणूस गेल्यासारखा हळहळला. पुढच्याच वर्षी सविनय कायदेभंगाची चळवळ आली. प्रभातफेऱ्या, पत्रके आणि सभा यांत तो ओढला गेला. २६ जानेवारी १९३२ रोजी स्वातंत्र्यदिन साजरा करून तिरंगा फडकवल्याबद्दल त्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागितली तर मुलगा सुटेल, असे आईला सुचवण्यात आले. त्या माउलीने ते ठामपणे नाकारले आणि प्रकृतीला जपण्यास सांगून ती परतली. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगांत आचार्य भागवतांसारख्या विद्वानांचा सहवास लाभला. गांधीवाद, समाजवाद, मार्क्सवाद यांवर तेथे रात्रंदिवस चर्चा चालत. सक्तमजुरीची ती शिक्षा अशी त्याच्यासाठी विद्यापीठ ठरली.

सुटकेनंतर १९३४ मध्ये तो मॅट्रिक झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाला आणि वकिलीच्या अभ्यासासाठी पुण्याला आला. याच काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे मोठे आकर्षण त्याला वाटू लागले. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि सातारा जिल्ह्यातील आत्माराम पाटील यांच्या सहवासाने ते वाढले. काँग्रेसमध्ये राहून तिला शेतकरी-कामकऱ्यांच्या प्रश्नांकडे वळवावे, हा विचार ग्रामीण भागातून आलेल्या या तरुणाला पटणाराच होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि या वैचारिक नात्याची कसोटी लागली. हिंदी जनतेला न विचारता व्हाइसरॉयने भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. रॉय यांची भूमिका वेगळी होती. फॅसिझमचा पराभव हे जगापुढचे पहिले कर्तव्य असून त्यासाठी ब्रिटनच्या युद्धप्रयत्नाला साहाय्य केले पाहिजे, असे ते मांडत होते. हिटलरविषयी सहानुभूती बाळगणाऱ्यांपैकी यशवंतराव नव्हते, त्यामुळे हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. तथापि जे साम्राज्य स्वतः एका देशाला गुलामगिरीत ठेवते, त्याच्या युद्धाला त्या देशातील तरुणांनी लोकशाहीचे युद्ध कसे मानावे, हा प्रश्न त्यांना सुटेना. अखेर ज्यांच्या बुद्धिमत्तेने ते भारले होते, त्या नेत्याची वाट त्यांनी सोडली आणि राष्ट्रीय चळवळीबरोबर राहणे पत्करले.

हा निर्णय साताऱ्यासारख्या जिल्ह्यात अधिकच अवघड होता. कोरडवाहू शेतीवर पोट भरत नसल्याने येथील कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एक तरी मुलगा पलटणीत जात असे. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे सेहेचाळीस जवान कामी आले होते. सैनिकाच्या मनीऑर्डरीवर ज्या घरचा संसार चाले, त्या घरी युद्धविरोधाची भाषा बोलणे सोपे नव्हते. हा विरोध सैनिकांना नसून परक्या सत्तेच्या युद्धाला आहे, हा भेद गावोगावी समजावून सांगावा लागणार होता.

१९४१ मध्ये यशवंतराव एलएल. बी. झाले आणि त्यांनी कऱ्हाडात वकिली सुरू केली. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताई मोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसाराला दोन महिने होतात न होतात तोच ऑगस्ट उजाडला. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरील अधिवेशनाला ते उपस्थित होते. ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यावर ते जिल्ह्यात परतले आणि भूमिगत झाले. कऱ्हाड, पाटण, तासगाव येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूज येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही रक्त सांडले. या घटनांनी भूमिगत कार्यकर्त्यांची मने हादरून गेली.

सरकारने मग कुटुंबाकडे मोर्चा वळवला. १९४३ च्या जानेवारीत, लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीच्या सुमारास, वेणूताईंना अटक झाली. बंधू गणपतराव यांनाही तुरुंगवास घडला. याच धामधुमीत थोरले बंधू ज्ञानोबा यांचे निधन झाले. ज्यांच्या कष्टावर आपले शिक्षण झाले, त्या भावाच्या अखेरच्या क्षणी यशवंतराव जवळ नव्हते. तुरुंगातून सुटलेल्या वेणूताईंची प्रकृती खालावली. त्यांना भेटण्यासाठी ते फलटणला गेले आणि तेथेच पकडले गेले. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर ते बाहेर आले, तेव्हा घर आर्थिकदृष्ट्या खचलेले होते. वेणूताईंच्या प्रकृतीची तक्रार पुढे कायमची राहिली.

१९४६ मध्ये ते मुंबई विधिमंडळावर निवडून आले आणि पुढची वाटचाल सर्वज्ञात आहे. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली त्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. खचलेल्या सैन्याला सावरण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धातही तेच संरक्षणमंत्री होते. वरवर पाहता यात विसंगती दिसते. पण ती खरी नाही. ते शस्त्रसंन्यासी कधीच नव्हते. युद्धाचा निर्णय कोण घेतो आणि तो कोणासाठी घेतो, हा त्यांचा १९३९ मधला प्रश्न होता. लोकांनी निवडलेले सरकार स्वतःच्या सीमांचे रक्षण करीत असताना त्याचे उत्तर बदलणे स्वाभाविक होते.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांचेही निधन झाले. तारुण्यातील या साऱ्या वर्षांची कथा त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात सांगून ठेवली आहे. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरील त्यांच्या समाधीला दरवर्षी असंख्य लोक भेट देतात. तिथून फार दूर नसलेल्या देवराष्ट्र्यातील जन्मघराकडेही त्यांची पावले वळावीत. सत्तेच्या कोणत्याही पदापूर्वीचा, आईच्या शब्दाला आणि स्वतःच्या विचाराला जागणारा यशवंत तेथे अधिक जवळून उमगतो.