विश्लेषण : आधी यंत्राची खातरजमा, मग शोध! वैश्विक किरण शोधणारे व्हिक्टर हेस कोण होते?

नामिबियातील गॅमा किरण दुर्बिणींच्या संचाला ‘हेस’ हे नाव देण्यात आले आहे. नोंदवलेला संकेत खरोखर अवकाशातून आला की उपकरणातल्या बिघाडामुळे उमटला, याची तिथे सतत तपासणी होते. ज्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले, त्या व्हिक्टर हेस यांच्यासमोर १९१२ मध्ये हाच प्रश्न होता.

कोडे काय होते?

हेस यांचा जन्म २४ जून १८८३ रोजी ऑस्ट्रियात झाला. १९१० पासून ते व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत होते. बंद डब्यातील विद्युतभारही हळूहळू कमी होतो, हे तेव्हा माहीत होते. जमिनीतील किरणोत्सर्गामुळे असे होते, हा सर्वमान्य समज होता. तो खरा असेल, तर उंचावर किरण कमी व्हायला हवेत. मात्र स्वित्झर्लंडचे आल्बर्ट गॉकेल यांना बलूनमधून तशी घट दिसली नाही. अडचण अशी, की त्यांचे यंत्र हवाबंद नव्हते. वर गेल्यावर आतली हवा विरळ झाली की आकडेच बदलतात.

हेस यांनी काय केले?

त्यांनी आधी जमिनीवर प्रयोग करून हवा गॅमा किरण किती शोषते, हे मोजले. मग जाड भिंतींची हवाबंद यंत्रे बनवून घेतली. एकाच यंत्रावर न विसंबता ते अनेक यंत्रे सोबत नेत. १७ एप्रिल १९१२ च्या सूर्यग्रहणात त्यांनी बलूनमधून मोजणी केली. किरण घटले नाहीत, म्हणजे सूर्य हा मुख्य स्रोत नव्हता.

७ ऑगस्ट १९१२ रोजी ते हायड्रोजनच्या बलूनमधून ५,३५० मीटर उंचीवर पोहोचले. सुरुवातीला आकडे थोडे घसरले, मग वाढत गेले. सुमारे ५ किलोमीटरवर किरणोत्सर्ग जमिनीवरच्या दुपटीहून अधिक होता. हे किरण वरून, वातावरणाबाहेरून येत होते.

पुढे काय झाले?

शंका लगेच मिटल्या नाहीत. वर्नर कोलहोर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये आणखी उंच जाऊन हेच निष्कर्ष मिळवले. १९३६ मध्ये हेस यांना कार्ल अँडरसन यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांची प्राध्यापकी गेली. त्यांची पत्नी ज्यू होती. दोघे अमेरिकेत गेले. हेस न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात शिकवू लागले. १७ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज ही पद्धत कुठे दिसते?

नामिबियात एकाच प्रकाशझोताची नोंद किमान दोन दुर्बिणींत झाली, तरच ती सहसा ग्राह्य धरतात. ढगाळ हवामानातील किंवा कॅमेऱ्यात बिघाड असतानाची नोंद वगळली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटी येथील ‘ग्रेप्स-३’ प्रकल्पही वैश्विक किरण मोजतो. तिथेही हवेचा दाब आणि तापमानाचा परिणाम वजा केल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.