काकासाहेब गाडगीळ आणि दिल्लीतील पाणीकरार

नरहर विष्णु उर्फ काकासाहेब गाडगीळ महाराष्ट्राला परिचित आहेत ते पुण्यातील वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि साहित्यिक म्हणून. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील १९४८ च्या पाणीकरारावरही त्यांची स्वाक्षरी आहे, ही बाब मात्र सहसा मागे पडते.

१० जानेवारी १८९६ रोजी मध्य प्रदेशातील मल्हारगड येथे त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी आणि १९२० साली कायद्याची पदवी मिळवून ते काँग्रेसच्या चळवळीत उतरले. त्यांना आठ वेळा कारावास घडला. १९३४ साली ते मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून आले आणि दिल्लीशी त्यांचा संबंध जडला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे आली.

फाळणीने पंजाबच्या भूमीबरोबर कालवेही तोडले होते. रावीवरील माधोपूर आणि सतलजवरील फिरोजपूर येथील बंधारे भारतात राहिले, तर त्यांच्या पाण्यावर भिजणारी बरीच शेती पाकिस्तानात गेली. पाणीपुरवठा जैसे थे ठेवण्याच्या तात्पुरत्या समझोत्याची मुदत ३१ मार्च १९४८ रोजी संपली. दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने पाणी बंद केले आणि लाहोरच्या परिसरातील शेतकरी हवालदिल झाले.

४ मे १९४८ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारावर भारतातर्फे पंडित नेहरू, काकासाहेब व स्वर्णसिंग यांनी, तर पाकिस्तानतर्फे गुलाम मोहम्मद, शौकत हयात खान व मुमताज दौलताना यांनी स्वाक्षऱ्या केल्या. आपल्या हद्दीतील नद्यांच्या पाण्यावर आपलीच मालकी आहे, असा पूर्व पंजाबचा दावा होता. पश्चिम पंजाबला तो मान्य नव्हता. करारात या वादाचा निवाडा झाला नाही. मात्र, पर्यायी व्यवस्था उभारण्यास अवधी दिल्याशिवाय पाणी एकाएकी तोडले जाणार नाही, असे ठरले. पश्चिम पंजाबने भारताच्या पंतप्रधानांनी ठरवलेली रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवावयाची होती. त्या वेळी पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक तीच होती! हा करार दबावाखाली झाल्याचा आक्षेप पाकिस्तानने पुढे घेतला. तरीही मालकीचा वाद बाजूला ठेवून आधी पाणी सोडण्याचा निर्णय व्यवहार्य होता, असेच म्हणावे लागेल.

१९५८ ते १९६२ या काळात काकासाहेब पंजाबचे राज्यपाल होते. सतलजवरील भाक्रा धरणाचे बांधकाम तेव्हा सुरू होते. याच काळात, १९ सप्टेंबर १९६० रोजी, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने कराचीत सिंधू जलकरार झाला. रावी, बियास व सतलज या नद्यांचे पाणी भारताच्या वाट्याला आले आणि पाकिस्तानातील पर्यायी कालव्यांसाठी भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड देण्याचे मान्य केले. दिल्लीचा करार १ एप्रिल १९६० पासून निष्प्रभ मानण्यात आला. सिंधू करारही भारताने पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केला.

काकासाहेबांनी १९६२ मध्ये सातारा येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. नंतर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १२ जानेवारी १९६६ रोजी, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचे देहावसान झाले.