एल. ए. रामदास

लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास (३ जून, १९०० - १ जानेवारी, १९७९) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. भारतातील कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. निरभ्र व शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून तिच्या थोडी वर असते, हे त्यांनी दाखवून दिले. हवेच्या या थराला 'रामदास थर' असे म्हणतात. समर्थ रामदासांशी या नावाचा काही संबंध नाही.

जीवन

रामदासांचा जन्म केरळमधील पालघाट (आताचे पलक्कड) येथे झाला. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी द्रवांच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा अभ्यास केला. १९२६ साली ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शेतीविषयक शाही आयोगाच्या शिफारशीला अनुसरून १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याची धुरा रामदासांकडे आली. पुण्याच्या पूर्वेस मांजरीला तेव्हा शेतकी खात्याचे उसाचे प्रयोगक्षेत्र होते. हवेच्या तपमानाचा प्रश्न या परिसरातील बागायतदाराच्या दृष्टीने पुस्तकी नव्हता.

रामदास थर

रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि थंड होत जाते. म्हणून सर्वांत थंड हवा जमिनीलगतच असली पाहिजे, अशी त्या काळची सर्वमान्य समजूत होती. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी निरनिराळ्या उंचीवर तापमापके ठेवून रात्रीची नोंद घेतली. किमान तपमान जमिनीवर आढळले नाही. ते वीतभरापासून हातभरापर्यंतच्या उंचीवर, म्हणजे सुमारे २० ते ५० सेंटिमीटरांवर आढळले. खुद्द जमीन त्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार होती. हा निष्कर्ष १९३२ साली प्रसिद्ध झाला.

तो सहजासहजी मान्य झाला नाही. उतारावरून थंड हवा वाहत आली असेल, किंवा तापमापक स्वतःच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा अधिक थंड झाला असेल, अशा शंका घेण्यात आल्या. दुसरी शंका रास्तच होती, कारण तापमापक नेहमी आधी स्वतःचेच तपमान सांगतो. हवामान खात्याचा नेहमीचा तापमापक सुमारे ४ फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. हातभर उंचीवर काय चालले आहे हे त्याला कधीच कळत नाही. पिकाचा शेंडा मात्र नेमका त्याच उंचीवर असू शकतो.

आकडा कोणत्या जागेचा आहे हे न कळता तो वाचण्यात अर्थ नाही, ही अडचण आजही घरोघर भेटते. संगणकाच्या मदरबोर्डावर अनेक तापमान संवेदक असतात आणि देखरेखीची आज्ञावली त्यांना पुष्कळदा नुसते क्रमांक देते. प्रोसेसरवर कामाचा भार टाकून कोणता आकडा चटकन चढतो हे पाहावे, तेव्हा त्याचा संवेदक ओळखू येतो. जेथे संवेदक जोडलेलाच नाही तेथे अशक्य वाटणारा आकडा दिसतो. रामदासांची रीत याहून फार वेगळी नव्हती: जागा बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि फरक पाहायचा.

पुढे १९५६ साली लेक यांना आणि १९५७ साली क्लाउस राश्के यांना स्वतंत्र निरीक्षणांत हाच थर आढळला. राश्के यांची निरीक्षणे तर पुण्यातीलच, उघड्या जमिनीवरची होती. त्याची सैद्धांतिक उकल करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९९३ साली वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन व रोद्दम नरसिंह यांनी केला. जमीन, हवा आणि आकाश यांच्यातील प्रारणाच्या देवघेवीवर त्यांचा भर होता. हवेतील सूक्ष्म कणांचाही त्यात वाटा असावा, असे नंतरचे संशोधन सुचवते.

इतर कार्य

पुण्याच्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला असता मातीचे तपमान लक्षणीय उतरते, हे रामदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखविले. उभ्या उसाच्या आतील हवा आणि बाहेरील मोकळी हवा यांतील फरकही त्यांनी मोजला. बांधावरचा तापमापक पिकाच्या आतले काही सांगत नाही, हाच मुद्दा येथेही होता. पीक व हवामान यांच्या एकत्रित नोंदी ठेवण्याची देशव्यापी योजना त्यांच्याच कार्यातून वाढली. 'क्रॉप्स अँड वेदर इन इंडिया' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला.

खात्यातून निवृत्त झाल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. जलाशयाच्या पृष्ठभागावर रसायनाचा अतिशय पातळ थर पसरून बाष्पीभवन रोखता येईल का, याचा अभ्यास त्यांनी तेथे केला. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १ जानेवारी, १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.