विश्लेषण : वळूचे वीर्य पहाटेच का घेतात? गोठ्यापर्यंत कांडी नेणारे मणिभाई देसाई कोण होते?

बीड : जिल्ह्यात आष्टी, पाटोद्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत दुधावर घरखर्च भागवणारी अनेक कुटुंबे आहेत. गाय माजावर आली की फोन जातो आणि कृत्रिम रेतनाची कांडी दुचाकीवरून गोठ्यात येते. राज्यात ही सेवा रुजवणाऱ्यांत मणिभाई देसाई यांचे नाव आघाडीवर आहे.

कोण होते मणिभाई?

सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावात २७ एप्रिल १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात ते उतरले आणि पुढे सेवाग्राम आश्रमात दाखल झाले. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींनी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. गांधीजी काही दिवसांनी परतले, मणिभाई मात्र कायमचे तिथेच राहिले.

आश्रमात त्यांनी गीर गाई वाढवल्या. १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था उभी केली. दोन-तीन जनावरे असलेल्या शेतकऱ्याला जातिवंत वळू पाळणे परवडत नाही. गोठवलेल्या वीर्यामुळे वळू केंद्रातच राहिला आणि त्याचा वाण गावोगावी पोहोचू लागला.

संकलनाची वेळ का महत्त्वाची?

वीर्य घ्यायचे ते पहाटे किंवा सकाळी लवकर, हवा थंड असताना. साधारण आठवड्यातून दोन दिवस संकलन होते. फार वरचेवर घेतल्यास शुक्राणूंची संख्या घटते. वळूला आधी एक-दोनदा नुसतेच चढू देऊन खाली उतरवतात, त्यामुळे शुक्राणू जास्त मिळतात.

उन्हाळ्याचा फटका उशिरा कळतो. वळूच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे मे महिन्यातील उष्णतेचा परिणाम पावसाळ्यात घेतलेल्या वीर्यातही दिसू शकतो. म्हणूनच वळूंना सावली, पाण्याचे फवारे आणि पंखे लागतात.

घेतलेले वीर्य लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाते. चांगल्या नमुन्याच्या कांड्या भरून त्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. ०.२५ मिलिलिटरच्या एका कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू असतात. गोठण उतरवल्यावर त्यातील निम्मे तरी हलते असावे लागतात.

शेतकऱ्याने काय पाहावे?

गाय उलटली, तर पुढच्या माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांचा चारा अंगावर पडतो आणि वेतही लांबते. चांगली कांडीसुद्धा चुकीच्या वेळी वापरली तर वाया जाते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. कांडी नायट्रोजनच्या भांड्यातून काढून कोमट पाण्यात उतरवली जाते ना, हेही पाहावे.

मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. 'बाएफ'चे काम आजही अनेक राज्यांत सुरू आहे.