रांगेचा हिशेब मांडणारा गणिती : एर्लांग

आमच्या जुन्या इंदुरातील शनिमंदिरासमोर दर शनिवारी रांग लागते. एरवी दोन मिनिटांत दर्शन होते; शनिजयंतीला मात्र हीच रांग गल्लीची वळणे घेत दूरवर जाते. वर्षभरात आलेल्या भाविकांच्या संख्येला ३६५ ने भागून कोणी बंदोबस्त ठरवू लागला, तर शनिजयंतीला त्याची काय गत होईल हे इथले लहान मूलही सांगेल. ही घरगुती गोष्ट गणिताच्या कसोटीला लावून तिची कोष्टके जगाला देणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये होऊन गेला. त्याचे नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. गणितज्ञाच्या चरित्राकडे मी वळले ती एका राहून गेलेल्या अर्जामुळे. एका परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ ठप्प झाले आणि माझ्या धाकट्या बहिणीचे वर्ष वाया गेले. पुढे कानावर आले की, त्या संकेतस्थळाची लोड टेस्ट, म्हणजे भार-चाचणी, आधीच झाली होती. तिचा अहवालही होता आणि त्यात सरासरी वेळ उत्तम दाखवलेली होती. चाचणी होऊनही असे घडले कसे, याचा शोध घेताना एर्लांगची ओळख झाली.

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी जटलंडमधील लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक. घरी पुस्तक एक आणि वाचणारी भावंडे अनेक, म्हणून थोरला भाऊ समोर बसून वाचत असताना आग्नर पलीकडून उलटी अक्षरे वाचत असे. १४ व्या वर्षी, वय कमी असल्याने खास परवानगी घेऊन, त्याने कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा विशेष गुणवत्तेने दिली. नंतर दोन वर्षे त्याने वडिलांच्याच शाळेत शिकवले. १९०१ साली गणितात एम. ए. झाल्यावरही काही वर्षे त्याने शिक्षकाचीच नोकरी केली.

त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते गणित मंडळाच्या बैठकांत. तिथे योहान येन्सेन येत असत. व्यवसायाने ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता आणि आवडीने गणिती. त्यांनी एर्लांगची गाठ कंपनीचे संचालक फ्रिट्स योहान्सेन यांच्याशी घालून दिली. १९०८ साली एर्लांग कंपनीत रुजू झाला आणि तिच्या प्रयोगशाळेचा प्रमुख बनला. प्रयोगशाळा नावापुरतीच होती. हाताखाली माणसे नव्हती. जमिनीखालच्या तारांतील विद्युत्प्रवाह मोजायला तो स्वतः रस्त्यात उतरे. मागून शिडी घेतलेला एक कामगार चाले आणि पुढे हा गणिती.

कंपनीपुढचा प्रश्न आपल्या शास्त्राला जवळचा, भांडवलाचा होता. तारा फार टाकाव्यात तर पैसा अडकून पडतो. कमी टाकाव्यात तर ग्राहक हात हलवत परत जातो. मग टाकाव्यात किती? १९०९ साली एर्लांगने दाखवून दिले की, स्वतंत्र माणसांचे फोन योगायोगाने येत असले तरी त्यांच्या गर्दीला नियम असतो. १९१७ च्या लेखात त्याने दोन गोष्टींची सूत्रे दिली: तार मोकळी नसल्यास किती ग्राहक परत जातील, आणि थांबायची सोय असल्यास त्यांना किती थांबावे लागेल.

एक हिशेब मी स्वतः करून पाहिला. गर्दीच्या तासात ३० फोन येतात आणि प्रत्येक ४ मिनिटे चालतो असे धरू. एकूण १२० मिनिटांचे बोलणे झाले, म्हणजे दोन तारा तासभर भरतील एवढा भार. सरासरी पाहणारा म्हणेल, दोन तारा पुरे. एर्लांगच्या सूत्रात आकडे घातले तर दोन तारांवर १०० पैकी ४० ग्राहक परत जातात! चार तारा केल्या तरी सुमारे साडेनऊ जातात, आणि सहा केल्यावर कुठे हे प्रमाण सव्वाच्या आसपास येते. कारण फोन ओळीने, एक संपला की दुसरा, असे येत नाहीत. कधी एकदम पाच येतात, तर कधी एकही नाही.

आजची भार-चाचणी याच जातीची आहे. एखादे साधन हजारो खोटे ग्राहक निर्माण करून संकेतस्थळावर सोडते. प्रत्येक मागणी कधी निघाली, तिला किती वेळ लागला, ती पुरी झाली की फसली याची नोंद होते. ही झाली आपली रोजकीर्द. अहवाल म्हणजे तिच्यावरून काढलेला ताळेबंद, आणि ताळेबंदात काय झाकता येते हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. समजा १०० मागण्यांपैकी ९५ एका सेकंदात झाल्या आणि ५ मागण्यांना ४१ सेकंद लागले. सरासरी येते ३ सेकंद. प्रत्यक्षात ३ सेकंद कोणीच थांबलेले नाही! म्हणून चांगल्या अहवालात सरासरीच्या शेजारी १०० तल्या ९५ व्या किंवा ९९ व्या मागणीचा वेळ, फसलेल्या मागण्यांचे प्रमाण आणि गर्दी किती धरली होती हे लिहिलेले असते.

गृहीतेही लिहावी लागतात. एर्लांगच्या पहिल्या सूत्रात परत गेलेला ग्राहक पुन्हा लगेच फोन करत नाही असे धरलेले आहे. आम्ही दोघी बहिणी त्या संध्याकाळी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होतो, आणि आमच्यासारखे कितीतरी जण तेच करत असतील. म्हणजे ठप्प झालेल्या जागेवर भार कमी होत नाही, वाढतो. चाचणीत हे धरले होते का, एवढी एक ओळ अहवालात असती तर वाचणाऱ्याने वेळीच विचारले असते.

चाचणीच्या साधनांत निकाल बाहेर काढायची सोय असते. तिला एक्स्पोर्ट म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत निर्यात. जेमीटर हे मोफत साधन आपल्या नोंदी साध्या सीएसव्ही फाइलीत उतरवते. त्या कोणालाही उघडून पडताळता येतात. नुसता रंगीत आलेख पाठवला तर पाहणाऱ्याला विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. मूळ नोंदी पाठवल्या तर तो स्वतः हिशेब करू शकतो.

एर्लांगचे यश अशा निर्यातीचेच आहे. त्याने लिहिले डॅनिशमध्ये, तेही थोडक्यात, कधी सिद्धता गाळून. पण निष्कर्षांची कोष्टके दिली. लेखांची भाषांतरे झाली, ब्रिटनच्या टपाल खात्याने त्याचे सूत्र स्वीकारले, आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील एका संशोधकाने मूळ लेख वाचण्यासाठी डॅनिश शिकून घेतली असे सांगतात. माझे आजोळ धारवाडचे. घरात मराठीतला हिशेब कन्नडमध्ये सांगताना शब्द बदलतात, आकडा बदलत नाही. मात्र तो कशाचा आकडा आहे हे दोन्ही भाषांत सांगावेच लागते.

एर्लांगने लग्न केले नाही. मिळकतीतला मोठा वाटा तो गरजूंना देई आणि उरलेल्यात पुस्तके घेई. कंपनीत जवळजवळ वीस वर्षे त्याने आजारपणाची रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तो रुग्णालयात गेला आणि ३ फेब्रुवारीला, ५१ व्या वर्षी, वारला. १९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने भाराच्या एककाला त्याचे नाव दिले: एक तार तासभर अखंड गुंतलेली असेल तर तो भार एक एर्लांग.

वाचकहो, आपल्यापैकी काही जण उद्या असे अहवाल लिहितील आणि बरेच जण त्यांवर सह्या करतील. सही करण्यापूर्वी एर्लांगचा प्रश्न विचारावा: सरासरी राहू द्या, गर्दीच्या तासात परत किती गेले? त्या परत गेलेल्यांत कोणाची तरी धाकटी बहीण असते.